मुका हातोडा

गिटारी करणाऱ्या आमच्या पाराचो गावात सकाळी कोण कामाला बसलंय हे कळायला खिडकी उघडावी लागत नाही. करवतीच्या आवाजावरून एक घर ओळखायचं, रंध्याच्या आवाजावरून दुसरं. आणि देवळामागच्या गल्लीतून टिक, टिक, ठक असं ऐकू आलं की समजायचं, चानो कुइन पडदे ठोकायला बसला. गिटारच्या मानेवर काळ्या लाकडाची पट्टी असते आणि त्या पट्टीवर धातूचे आडवे पडदे, सतारीला असतात तसेच, पण खाचेत घट्ट रुतवलेले. आमच्या गावात मान एक जण करतो, पोट दुसरा वाकवतो, नक्षी तिसऱ्याच्या घरी चिकटते. चानो फक्त पडदे बसवायचा. आधी एका कडेला घाव, मग दुसऱ्या कडेला, मग मध्यावर. पडदा खाचेत पुरता बसला की आवाज जाड होतो. त्या ठकसाठीच लोक त्याच्याकडे गिटारी आणत.

मग त्याचं उजवं कोपर गेलं. गेलं म्हणजे एका दिवसात नव्हे. जन्मभर हातोडा मारलेलं कोपर, आधी कुरकुरलं, मग अडायला लागलं. हाडवैद्यानं चोळून दिलं, मलम दिलं, आणि जाता जाता म्हणाला, "आता हातोडा सोड चानो, नाहीतर हात सोड." चानोनं दोन्हींतलं काहीच सोडलं नाही, आणि व्हायचं तेच झालं. एवोदिओ सालापाच्या गिटारवर शेवटचे पडदे ठोकताना हातोडा घसरला आणि देवदाराच्या पिवळ्याधमक फळीवर चंद्रकोरीसारखा खड्डा पडला.

एवोदिओ म्हणजे काय साधा माणूस नव्हे. गावातला सगळ्यात नावाजलेला कारागीर, आणि चानोचा कोंपाद्रे. चानोच्या पोरीला बाप्तिस्म्याच्या वेळी एवोदिओनं हातावर घेतलं होतं, तेव्हापासून लहानपणचे हे दोस्त एकमेकांना अहोजाहो करायला लागले. आमच्याकडे हे नातं भावापेक्षा वरचं. पण एवोदिओची एक खोड होती, तो बोलायचा नाही. खड्डा बघितला, ओलं फडकं ठेवलं, वरून गरम इस्त्री फिरवली, लाकूड फुगून वर आलं, आणि गिटार घेऊन निघून गेला. एक शब्द नाही. चार शिव्या घातल्या असत्या तर चानोला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात तो परत आला तो उभ्याउभ्याच बोलला. "ऑगस्टच्या जत्रेतल्या स्पर्धेसाठी एक गिटार करतोय. पट्टीला आबनूस काढलाय, आजोबांच्या वेळचा. तुमचा हात बरा होईल का, कोंपाद्रे?"

"होईल की."

"नाही झाला तर बुल्मारोकडे देईन म्हणतो."

बुल्मारो हा गावातला दुसरा पडदेवाला, वरच्या चौकात बसणारा. वाईट माणूस नव्हता बिचारा. पण एवोदिओनं स्पर्धेची गिटार कुणाला दिली यावर सारं गाव डोळा ठेवून असायचं. ती एक वर गेली असती तर मागोमाग बाकीच्याही गेल्या असत्या, आणि चानोला चौकात गिटारच्या तारा नि चाव्या विकायला दुकान मांडावं लागलं असतं. त्याची बायको त्रान्सितो हे सगळं आतून ऐकत होती. एवोदिओ गेल्यावर ती एवढंच म्हणाली, "तारा विकायला बसलात तर गिऱ्हाइकाला गप्पांत बुडवाल नि आम्हाला उपाशी माराल. काहीतरी करा."

चानोचा स्वभाव असा की त्याला उघडून बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात त्यानं त्रान्सितोचा माहेरून आणलेला रेडिओ खोलला होता, तो अजून पुरता परत जोडलेला नाही. तर हा गेला उरुआपान शहरात, तारेचं भेंडोळं आणायला, आणि भंगारवाल्याकडे त्याला दिसला एक हातप्रेस. बंद पडलेल्या गाडीदुरुस्तीच्या गॅरेजातून आलेला. बिडाचा जाड आकडा, त्यात वरून खाली येणारा दातेरी दांडा, बाजूला लांब मूठ. मूठ ओढली की दांडा खाली येतो आणि बेअरिंग जागेवर बसवतो. चानोनं डाव्या हातानं मूठ ओढली. पुन्हा ओढली. भंगारवाला म्हणाला, "घ्यायचाय की व्यायाम चाललाय?" चानोनं घरी पडून असलेली एक विवेला, म्हणजे छोटी फुगीर गिटार, देऊन तो लोखंडाचा ठोकळा घेतला आणि मांडीवर ठेवून गाडीतून आणला. शेजारच्या बाईनं कोंबडी धरली होती. ती आख्खा रस्ता कोंबडीपेक्षा त्या यंत्राकडेच बघत होती.

गल्लीत बातमी पसरायला किती वेळ लागतो. चानोनं टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, दाबायचं यंत्र आणलं म्हणे, तेही राक्षसाचं. दारावरून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, आज किती डझन दाबल्या? त्रान्सितोनं तर मळलेल्या मक्याच्या पिठाचा गोळाच आणून त्याच्यापुढे ठेवला. "करून बघा. जमलं तर माझं यंत्र मी विकते."

चानो हसला आणि कामाला लागला. आता त्याला खरी गंमत यायला लागली होती. गंज रॉकेलनं उतरवला. मग बघतो तर दांडा सरळ खाली येतच नाही, ढिला, डावीकडे झुकलेला. गाडीच्या बेअरिंगला चाललं असेल, पडद्याला कसं चालेल? त्यानं दांड्याच्या तळाला मेणबत्तीची काजळी धरली, खाली पांढरा कागद ठेवला आणि मूठ ओढली. कागदावर डाग फक्त एका बाजूला. सार्डिनच्या डब्याचा पत्रा कापून त्यानं दांड्यामागे सरकवला, पुन्हा काजळी, पुन्हा कागद. डाग थोडा रुंदावला. असं करत करत एकदाचा दांड्याचा पुरता चौकोन कागदावर काळाभोर उमटला, तेव्हा त्यानं तो कागद भिंतीला टोचला. लोक मुलाचं प्रशस्तिपत्रक लावतात तिथं यानं काजळीचा डाग लावला.

मग पडदा दाबणारं टोक, म्हणजे पंच. जुन्या कुलपाचं पितळ कापून त्यानं त्याला तळाशी उथळ खाच कानसली, पडद्याची पाठ तिच्यात बसेल आणि चेपणार नाही अशी. सायकलवाल्याकडून दांड्याला भोक पाडून आणलं आणि पंच स्क्रूनं आवळला. पट्टी धरायला पाइनचा पाळणा केला, तळाला जुन्या चपलेचं कातडं, दोन्ही कडांना लाकडी खिट्ट्या. खिट्ट्या फिरवल्या की पट्टी हलायची नाही की उचलायची नाही.

पहिला पडदा दाबला आणि चानो दचकला, कारण काहीच ऐकू आलं नाही. पडदा बसला की नाही कळायचं कसं? दुसऱ्यांदा त्यानं जोर लावला तर खालचं लाकूडच दबलं. तिसऱ्यांदा हात राखून ओढला तर पडद्याखाली कागद सरकेल एवढी फट. कान यंत्राला लावून बघितला. यंत्र मुकं. मग त्यानं डोळे मिटले आणि नुसत्या तळव्याकडे लक्ष दिलं. मूठ आधी जड लागते, मग एक क्षण मऊ पडते, मग एकदम दगड. त्या मऊ क्षणाच्या पुढं जायचं नाही, अलीकडे थांबायचं नाही. टाकाऊ तुकड्यांवर तो दिवसच्या दिवस तो क्षण पकडत बसला. चानोला इतकं मन लावून काही शिकताना त्रान्सितोनं लग्नानंतर पहिल्यांदाच बघितलं, आणि टॉर्टियाचे विनोद तिनं आपणहून बंद केले.

खरी अडचण पुढंच होती. आमच्या गावची रीत अशी की मान आणि पोट आधी जोडायचं, पट्टी त्यावर चिकटवायची, आणि पडदे सगळ्यात शेवटी, तयार गिटार वाळूच्या पिशवीवर ठेवून. तयार गिटारचं पोट प्रेसच्या आकड्यात शिरेना. मानेवरचे पडदे कसेबसे दाबता आले असते, पण पोटावरचे नाही, आणि हातोडा घसरला तो तिथंच. म्हणजे पट्टी चिकटवण्याआधी, सुटी असतानाच मिळायला हवी.

चानो एवोदिओकडे गेला. बरोबर एक छोटा तुकडा नेला होता, त्यावर दाबून बसवलेले चार पडदे. एवोदिओनं तो उजेडाला धरला, नख फिरवलं, कुठं फट सापडली नाही.

"पट्टी मला सुटी द्या," चानो म्हणाला.

"सुटी? भिंती नाहीत आणि कौलं घालायची?"

"कौलं घालून मग भिंतीवर ठेवू. भिंतीला काय कळतंय?"

एवोदिओ हसला नाही. बराच वेळ तुकडा हातात फिरवत राहिला. "आबनुसाची पट्टी एकच आहे, कोंपाद्रे. ही बिघडली तर शिसवीची लावीन, पण ती मग बुल्मारोकडेच जाईल. खाचा कापून देतो, परवा न्या."

पट्टी आली. चानोनं ती पाळण्यात ठेवण्याआधी सरळ आहे का बघायला लोखंडी पट्टी वर धरली, तर मध्ये उजेड दिसला. केसाएवढा, पण दिसला. आबनुसाची पट्टी मध्यावर खोल होती. एवोदिओचा रंधा आणि खोल? आजवर पट्टी मानेवर चिकटलेलीच यायची, हा सरळ वाळूवर ठेवून ठोकायला घ्यायचा, मोजायचा तो पडदे बसल्यावर. तेव्हा ती नेहमी सरळच असायची. म्हणजे म्हाताऱ्याची नजर आताच कमी झाली. माझं कोपर, त्याचे डोळे. बोलायचं कसं आणि कुठल्या तोंडानं? त्यानं माझ्या खड्ड्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मीही काढणार नाही, असं ठरवून चानोनं खिट्ट्या फिरवल्या.

पडदे झकास बसले. एकामागून एक, जड, मऊ, थांब. शेवटचा दाबून त्यानं घाम पुसला, त्रान्सितोला हाक मारून बोलावलं आणि तिच्यादेखत खिट्ट्या उघडल्या. पट्टीची दोन्ही टोकं खाली राहिली आणि मधला भाग हळूच वर उठला. टेबलावर पालथी ठेवली तर एक टोक दाबलं की दुसरं वर. जत्रेतल्या झोपाळ्यासारखी डुलत होती.

"वाकली," त्रान्सितो म्हणाली.

"दिसतंय मला."

"आता हो?"

चानो खाली बसला. पडदे उपटून काढावेत तर खाचांच्या कडा उडणार, आबनूस काचेसारखा तुटतो. भीतीनं त्याचे कान तापले होते, आणि तरीही, काय म्हणावं या माणसाला, त्याला त्या पट्टीवरून नजर काढवेना. त्यानं ती कडेनं डोळ्यासमोर धरली. वाकली ती का वाकली हे त्याला लगेच उमगलं. पडद्याचे दातेरी पाय खाचांपेक्षा किंचित जाड, प्रत्येक पाय पाचरीसारखा लाकूड बाजूला रेटतो, सगळ्यांनी मिळून वरची बाजू लांबवली. चार पडद्यांच्या तुकड्यावर ते कळायला जागाच नव्हती. ठीक आहे. पण मग हातोड्यानंही तेच पाय त्याच खाचांत गेले होते. जन्मभर गेले होते. तेव्हा मान का वाकली नाही? मानेचं लाकूड धरून ठेवतं म्हणावं, तर थोडी तरी वाकायला हवी होती. आणि त्याच्या हातून गेलेली एवोदिओची प्रत्येक गिटार सरळ होती, सुतानं मोजलेली.

"रात्रभर तुझा पाटा ठेवू का वर?" त्यानं विचारलं.

"माझ्या पाट्याला हात लावायचा नाही. आणि दाबून सरळ होणार असती तर दाबूनच वाकली असती का?" ती त्याच्यासमोर बसली. "अहो, कोंपाद्रेंना नेऊन दाखवा. झालंय ते झालंय. लपवलंत तर तो खड्डा परवडला असं वाटायची पाळी येईल."

तिचं खरं होतं. चानोनं पट्टी फडक्यात गुंडाळली आणि निघाला. नेमका चौकात बुल्मारो दारात उभा.

"काय नेतोयस रे गुंडाळून, चानो?"

"कोरुंदा," चानो म्हणाला. मक्याच्या पानातली ती तिकोनी उकड हातभर लांब कधी कुणी बघितली नसेल, पण बुल्मारोनं मान डोलावली. त्याच्या डोळ्यांत कीव होती आणि चानोला ती टोचली.

एवोदिओच्या कारखान्यात नवी गिटार बाकावर होती, मान जोडलेली, पण पट्टीवाचून उघडी. चानोनं फडकं सोडलं. "वाकली, कोंपाद्रे. तुमचं लाकूड मी बिघडवलं. बुल्मारोकडे द्या ती गिटार, मला राग नाही." शेवटचं वाक्य खोटं होतं आणि दोघांनाही ते कळलं.

एवोदिओनं पट्टी बाकावर पालथी ठेवली. डुलवून बघितली. मग उताणी करून मानेवर ठेवली, मधला चढ अंगठ्यांनी दाबला, खाली वाकून कडेनं बघितलं, सोडला, परत दाबला. चानो दाराकडे वळायच्या बेतात होता तेवढ्यात एवोदिओनं लहान रंधा उचलला आणि गिटारच्या उघड्या मानेवर, बरोबर मध्यावर, एक पातळ साल काढली.

"हे काय करताय?"

"जागा करतोय. नेहमी पट्टीत करतो तेवढी या वेळी पुरणार नाही असं दिसतंय. बरं झालं मान उघडी आहे ते."

"नेहमी?"

एवोदिओनं रंधा थांबवला. एवढं बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो सालीकडे बघत बोलला. "तुम्ही पडदे घट्ट ठोकता. आपण सुरुवात केली तेव्हापासून. पहिल्या दोन गिटारी घरी नेल्यावर मागं वाकल्या होत्या, आठवतं का? नाही, तुम्हाला मी दाखवल्याच नाहीत. तेव्हापासून पट्टी मध्ये थोडी खोल रंधतो. तुमच्या हातानं ती बरोबर भरून येते."

"मला वाटलं तुमची नजर गेली," चानो म्हणाला.

"माझी नजर?" आता मात्र एवोदिओ हसला. "म्हणजे खोली बघितलीत आणि गप्प बसलात?"

"तुम्ही खड्डा बघून गप्प बसलात."

चानोच्या मनात ती सगळी वर्षं उलटसुलट फिरत होती. त्याला वाटायचं सरळ येते ती आपल्या हातोड्याची किमया, आणि तिकडे पलीकडच्या गल्लीत हा माणूस प्रत्येक पट्टीत आपल्या हाताचा दोष आधीच मोजून ठेवत होता. मग त्याला आणखी एक सुचलं आणि ते विचारल्याशिवाय त्याला राहवेना.

"ही पट्टी बुल्मारोला दिली असती तर?"

"त्याचा हात सैल आहे. मधला भाग खोलच राहिला असता, तारा खडखडल्या असत्या."

"मग त्याच्याकडे देतो असं का म्हणालात?"

"तुम्ही कोपर घेऊन गप्प बसला होता, म्हटलं डिवचलं तर उठाल," एवोदिओ म्हणाला आणि पुन्हा रंध्याला लागला. "खोल रंधलेली पट्टी मी दुसऱ्या कुणाला दिली नाही कधी. देणार कशी?"

चानोनं नाक ओढलं आणि कारखान्यात भुसा फार झालाय असं काहीतरी पुटपुटला. मग सरस तापवला. पट्टी मानेवर दाबून धरायला दोघं लागले, एकाचा हात धड आणि एकाचा अर्धा, असे मिळून शिकंजे आवळले. एवोदिओच्या बायकोनं आतोलेचे, मक्याच्या गरम पेजेचे, पेले आणून ठेवले, ते कुणी उचललेच नाहीत, वर साय धरली.

ऑगस्टमध्ये त्या गिटारला काय मिळालं ते पाराचोत कुणालाही विचारा, प्रत्येक जण वेगळं सांगेल. आपल्याला तो दिवस महत्त्वाचा, ज्या दिवशी तारा चढल्या. एवोदिओ गिटार घेऊन स्वतः चानोच्या घरी आला. त्रान्सितोनं हात पुसून खुर्ची दिली, ती त्यानं घेतली नाही. गिटार डोळ्यासमोर धरून मानेवरून लांबवर बघितलं, मग चानोला दिली. चानोनं बघितलं. तारांनी ओढून मान पुढं आणली होती, पट्टीनं मागं रेटली होती, आणि दोघींच्या ओढाताणीत पडद्यांची रांग जवळजवळ सरळ उभी होती. जवळजवळ. मध्यावर अजून किंचित चढ होता, बोटाला नव्हे, पण डोळ्याला दिसेल एवढा.

"थोडा उरलाय," चानोनं कबूल केलं.

"माझं चुकलं," एवोदिओ म्हणाला. "मी जुन्या हाताच्या अंदाजानं रंधलं. हा तुमचा डावा हात नि हे लोखंड जास्त रेटतं." त्यानं कोटाच्या आतून फडक्यात गुंडाळलेलं लांबट काहीतरी काढलं आणि प्रेसशेजारी ठेवलं. शिसवीची सुटी पट्टी होती, खाचा कापलेली. "हिला जास्त खोली दिलीय. बघू बसते का. तुमचा नवा हात मला पहिल्यापासून शिकावा लागणार, कोंपाद्रे, तेव्हा जरा दमानं घ्या."

चानोनं लोखंडी पट्टी तिच्यावर धरली आणि मधला उजेड बघितला. या वेळी तो चांगला दोन केसांएवढा जाड दिसत होता. त्यानं पट्टी पाळण्यात ठेवली आणि खिट्ट्या फिरवल्या.